ख्रिस्तसभेच्या घरांत सदसद्विवेकाची जागा

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



सुवर्णमहोत्सवाच्या प्रसंगीं मागील पन्नास वर्षांचा हिशेब मांडावा. देवळाचा पाया कोणीं घातला, घंटा कोणीं आणविली, शाळेच्या इमारतीसाठीं कोणीं झीज सोसली, हें कृतज्ञतेनें आठवावें, अशी आपल्याकडे रीत आहे, आणि ती सर्वथैव योग्य आहे. आमच्या आधीं बोललेल्या वक्त्यांनीं तें कर्तव्य उत्तम प्रकारें पार पाडलें असल्यामुळें त्याची पुनरुक्ति आम्ही करीत नाहीं. आम्हांस आज ज्या विषयाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे, तो या देवळाच्या भिंतींविषयींचा नसून त्या भिंतींच्या आंत बसणाऱ्या मनुष्याच्या अंतःकरणाविषयींचा आहे.

‘जुबिली’ हा शब्द गेले वर्षभर आपल्या सर्वांच्या तोंडीं आहे. त्याचें मूळ मोशेच्या नियमशास्त्रांत, लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायांत सांपडतें. सात वेळां सात वर्षें लोटलीं म्हणजे पन्नासाव्या वर्षीं मेंढ्याच्या शिंगाचें रणशिंग वाजवावें, आणि त्या वर्षीं दोन गोष्टी घडाव्या: ज्यास कर्जापायीं दास व्हावें लागलें असेल त्याची सुटका व्हावी, आणि ज्याची जमीन हातची गेली असेल त्यानें आपल्या वतनावर, आपल्या आप्तांत परत यावें. एक सुटका, दुसरें स्वगृहीं परतणें. बंधुभगिनींनो, या दोन गोष्टी निराळ्या नाहींत. जो सुटला पण ज्यास घर नाहीं, तो रस्त्यावर पडला. आणि ज्यास घरांत घेतलें पण मोकळें ठेविलें नाहीं, तो कैदी झाला. ख्रिस्तसभेलाहि हाच नियम लागू आहे. तिच्यांत सर्वांना जागा असावी, आणि त्या जागेवर बसणाऱ्याचा सदसद्विवेक मोकळा असावा. याच गोष्टीचा आज थोडा विचार करूं.

प्रथम एक गैरसमज दूर करणें अवश्य आहे. सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल तसें वागण्याची मुभा, असें कित्येकांस वाटतें; म्हणून हे शब्द कानीं पडतांच धार्मिक वृत्तीचे लोक थोडे बिचकतात. परंतु मनाची लहर आणि अंतर्यामींचा विवेक यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. लहर आपणांस सोईचें तेंच सांगते. विवेक पुष्कळदां गैरसोईचें सांगतो. लहरीचा खर्च दुसऱ्यास भरावा लागतो. विवेकाचा खर्च ज्याचा त्यास. संत जॉन हेन्री न्यूमन यांनीं १८७५ सालीं नॉरफोकच्या ड्यूकांस उद्देशून जें प्रसिद्ध पत्र लिहिलें, त्यांत हाच भेद स्पष्ट केला आहे. पोपमहाराजांची आज्ञा मानणारा कॅथोलिक मनुष्य देशाचा प्रामाणिक नागरिक कसा होऊं शकेल, असा आक्षेप इंग्लंडचे माजी प्रधान ग्लॅडस्टन यांनीं घेतला होता. न्यूमन यांचें उत्तर असें होतें कीं, पोपमहाराजांचा अधिकार हा सदसद्विवेकाच्या पायावरच उभा आहे. तो पायाच जर उखडला तर वरचा मजला कसा टिकेल? म्हणून मान देण्याचा प्रसंग आलाच, तर आधीं सदसद्विवेकास आणि मग पोपमहाराजांस, असा क्रम त्यांनीं लाविला. हें लिहिणारे न्यूमन पुढें १८७९ सालीं कार्डिनल झाले, आणि १३ ऑक्टोबर २०१९ रोजीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपदीं बसविलें. अर्थात् हा विचार कोणा बंडखोराचा नव्हे.

न्यूमन यांच्याहि सहाशें वर्षें आधीं संत थॉमस अक्वायनस यांनीं याहून कठीण प्रश्न हातीं घेतला होता. एखाद्याचा विवेक चुकत असेल तर त्यानें तो मानावा काय? त्यांनीं उत्तर दिलें कीं, होय. विवेकाविरुद्ध वागणें हें केव्हांहि पापच. उदाहरणहि त्यांनीं लहानसहान घेतलें नाहीं. ख्रिस्तावर विश्वास ठेवणें ही गोष्ट स्वतः चांगली व तारणास अवश्य. तरी ज्याच्या बुद्धीस ती प्रामाणिकपणें वाईट वाटत असेल, त्यानें आपल्या बुद्धीविरुद्ध ती पत्करली तर त्याची इच्छा दूषितच होते. परंतु लगेच त्यांनीं दुसरी बाजूहि सांगितली आहे: जो मनुष्य आळसानें किंवा हेळसांडीनें अज्ञानांत राहिला, त्याला त्याच्या चुकलेल्या विवेकाची सबब चालणार नाहीं. म्हणजे विवेक मानणें हें जसें कर्तव्य, तसें तो घडविणें, त्यास शास्त्राचा, प्रार्थनेचा व ख्रिस्तसभेच्या शिकवणीचा प्रकाश देणें, हेंहि कर्तव्यच.

आरंभींच्या ख्रिस्तसभेकडे पाहिलें तर तेथेंहि हाच प्रश्न पहिल्याच पिढींत उभा राहिलेला दिसतो. संत पेत्र हे कर्नेल्य नांवाच्या रोमी शतपतीच्या घरीं गेले आणि त्याला त्यांनीं बाप्तिस्मा देवविला, तेव्हां यरुशलेममधील बांधवांनीं त्यांस जाब विचारला. पुढें सुमारें इ. स. ४९ मध्यें यरुशलेम येथें प्रेषितांची सभा भरली. विदेशी लोकांनीं ख्रिस्ती होण्यापूर्वीं सुंता करून घेतलीच पाहिजे काय, असा वाद होता. त्या सभेंत पुष्कळ वादविवाद झाला, हें प्रेषितांच्या कृत्यांत लपविलेलें नाहीं. पेत्र बोलले, बर्णबा व पौल यांनीं आपले अनुभव सांगितले, सर्व सभा शांतपणें ऐकत राहिली, आणि शेवटीं याकोबांनीं निर्णय सुचविला कीं, अवश्य त्या थोड्या गोष्टींखेरीज नवीन बांधवांवर जास्त ओझें लादूं नये. संत पौलांनींहि रोमकरांस लिहितांना मांस खाणारे व केवळ भाजीपाला खाणारे अशा दोन पक्षांस एकाच पंक्तीस बसविलें आणि कोणींहि दुसऱ्याचा न्याय करूं नये असें बजाविलें. ख्रिस्तसभेचें दार रुंद झालें तें प्रेषितांनीं एकमेकांच्या विवेकाचें म्हणणें ऐकून घेतलें म्हणून, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां आम्ही आपणांस एका शेतकऱ्याची हकीकत सांगूं इच्छितों. तो आपल्या देशाचा नव्हता. तथापि त्याच्या हकीकतीचा आपल्या या मुंबई-वसई प्रांताशीं एक धागा जुळलेला आहे, तो पुढें येईल.

ऑस्ट्रिया देशांत, जर्मनीच्या सरहद्दीजवळ, संत राडेगुंड नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथें २० मे १९०७ रोजीं फ्रान्झ येगरश्टेटर यांचा जन्म झाला. त्यांच्या आईबापांचें लग्न झालेलें नव्हतें. बाप पहिल्या महायुद्धांत पडला. पुढें आईनें लग्न केलें व सावत्र बापानें मुलास आपलें नांव दिलें. तरुणपणीं फ्रान्झ हे कांहीं साधुवृत्तीचे नव्हते. लग्नापूर्वीं त्यांस एक मुलगी झाली होती. अशा मनुष्यास कोणत्याहि गांवांत पुढच्या बाकावर बसवीत नाहींत. परंतु १९३६ सालीं फ्रान्झिस्का नांवाच्या भाविक स्त्रीशीं त्यांचा विवाह झाला, आणि त्यानंतर त्यांच्या श्रद्धेला नवी पालवी फुटली. दोघें मिळून पवित्र शास्त्र वाचीत. फ्रान्झ वारंवार पवित्र कम्युनियन घेत. पुढें ते आपल्या गांवच्या देवळाची निगा राखणारे सेवकहि झाले. त्यांस तीन मुली झाल्या.

मार्च १९३८ मध्यें हिटलरनें ऑस्ट्रिया गिळंकृत केला. त्याच वर्षीं जानेवारींत फ्रान्झ यांस एक स्वप्न पडलें होतें: एक सुंदर आगगाडी डोंगराला वळसा घालून चालली आहे, लहानथोर सर्व लोक तिच्यांत चढण्यास धांवत आहेत, आणि कोणी तरी सांगत आहे कीं, ही गाडी नरकाकडे जाते. या स्वप्नांतील गाडी म्हणजे नाझी राज्य होय, असें त्यांनीं पुढें मानलें. १० एप्रिल १९३८ रोजीं सामिलीकरणाविषयीं मतदान झालें, तेव्हां सबंध गांवांत विरुद्ध मत देणारे ते एकटेच होते. १९४० ते १९४१ या काळांत त्यांस कांहीं महिने लष्करी शिक्षण घ्यावें लागलें. परंतु हें युद्ध अन्यायाचें आहे अशी त्यांची खात्री होत गेली, आणि पुन्हां बोलावणें आल्यास शस्त्र हातीं घ्यावयाचें नाहीं, असें त्यांनीं ठरविलें.

येथें एक गोष्ट बारकाईनें पाहावी. फ्रान्झ यांनीं हा निश्चय रागाच्या भरांत केला नाहीं. त्यांनीं शास्त्र वाचलें, संतांचीं चरित्रें वाचलीं, वह्याच्या वह्या लिहून विचार केला, आपल्या धर्मगुरूंचा सल्ला घेतला, आणि शेवटीं लिंझचे बिशप योसेफ फ्लीसर यांच्याकडे जाऊन त्यांच्यापुढें आपले प्रश्न ठेविले. बिशपमहाराजांनीं त्यांस सांगितलें कीं, युद्ध न्यायाचें कीं अन्यायाचें हें ठरविणें तुमच्यासारख्या सामान्य मनुष्याचें काम नव्हे. तुमच्यावर बायकामुलांची जबाबदारी आहे. आप्तांचा व गांवकऱ्यांचाहि हाच आग्रह होता. फ्रान्झिस्कानेंहि आरंभीं त्यांचें मन वळविण्याचा प्रयत्न केला. परंतु सगळेच विरुद्ध असतां आपणहि त्यांची बाजू सोडली तर त्यांस कोणीच उरणार नाहीं, हें ओळखून ती त्यांच्या पाठीशीं उभी राहिली.

१ मार्च १९४३ रोजीं फ्रान्झ छावणींत हजर झाले व त्यांनीं शस्त्र घेण्यास नकार दिला. जखमींची शुश्रूषा करण्यास आपण तयार आहों, असें त्यांनीं सांगून पाहिलें. तें ऐकलें गेलें नाहीं. प्रथम लिंझच्या व नंतर बर्लिनच्या तुरुंगांत त्यांस ठेविलें. ६ जुलै रोजीं लष्करी न्यायालयानें त्यांस मृत्युदंड फर्माविला, आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजीं ब्रांडेनबुर्ग येथें त्यांचा शिरच्छेद झाला. वय छत्तीस. आपल्याआधीं एका ऑस्ट्रियन धर्मगुरूनें, फादर फ्रान्झ राइनिश यांनीं, हिटलरच्या नांवें शपथ घेण्याचें नाकारून असेंच मरण पत्करलें, ही वार्ता तुरुंगांतील धर्मगुरूकडून कळली, तेव्हां त्यांस मोठा धीर आला. ज्यास सर्वांनीं एकटें पाडलें, त्यास आपण ख्रिस्तसभेंत एकटे नाहीं एवढें कळणें हेंच मोठें सांत्वन झालें.

आणि या शेतकऱ्यानें ख्रिस्तसभा सोडली काय? मुळींच नाहीं. बिशपांची त्यांनीं निंदा केली नाहीं. जे शेजारी युद्धावर गेले त्यांस पापी म्हटलें नाहीं. आपणांस जी कृपा मिळाली ती कदाचित् त्यांस मिळाली नसेल, अशीच त्यांची समजूत होती. पवित्र कम्युनियनचा ओढा अखेरपर्यंत कमी झाला नाहीं. बिशपांचा सल्ला न मानतां ते बिशपांचेच मेंढरूं राहिले. घरांत राहूनच त्यांनीं ‘नाहीं’ म्हटलें, आणि त्या ‘नाहीं’ची सगळी किंमत स्वतःच्या रक्तानें चुकती केली.

परंतु किंमत त्यांनीं एकट्यानेंच दिली असें मात्र नव्हे. युद्ध संपल्यावर गांवांतील पुष्कळांनीं फ्रान्झिस्कालाच दोष दिला: हिच्या अति धार्मिकपणामुळें नवरा मेला, असें लोक म्हणत. युद्धांत पडलेल्या शिपायांच्या विधवांस जें निवृत्तिवेतन मिळे, तें तिला कित्येक वर्षें मिळालें नाहीं. १९४६ सालीं धर्मप्रांताच्या पत्रांत फ्रान्झ यांच्याविषयीं लेख यावयाचा होता, तोहि बिशपांनीं छापूं दिला नाहीं. त्यांच्या रक्षेस गांवच्या देवळाच्या भिंतीजवळ जागा मिळाली. पण त्यांच्या विधवेस गांवाच्या मनांत जागा मिळण्यास फार वर्षें लागलीं. बंधुभगिनींनो, आमच्या मतें या हकीकतींतील सर्वांत बोचणारा भाग हाच आहे. तलवार चालविणारे नाझी होते. परंतु विधवेकडे पाठ फिरविणारे लोक दर रविवारीं त्याच देवळांत मिस्सा ऐकत होते.

आतां आम्ही ज्या धाग्याचा उल्लेख केला तो पाहूं. १९६४ सालीं गॉर्डन झान या अमेरिकन कॅथोलिक समाजशास्त्रज्ञानें फ्रान्झ यांचें चरित्र प्रसिद्ध केलें. पुढच्याच वर्षीं, दुसऱ्या व्हॅटिकन धर्ममहासभेच्या शेवटच्या सत्रांत युद्ध व शांतता या विषयाचा खल चालू असतांना, एका आर्चबिशपांनीं या अप्रसिद्ध शेतकऱ्याचें उदाहरण आपल्या निवेदनांत मांडलें, आणि विवेकास स्मरून शस्त्र नाकारणाऱ्यांच्या पाठीशीं ख्रिस्तसभेनें उभें राहावें असा आग्रह धरला. ते आर्चबिशप म्हणजे येशूसंघाचे थॉमस रॉबर्ट्‌स. १९३७ पासून मुंबईचे आर्चबिशप. त्या काळीं आपला वसई प्रांतहि मुंबईच्याच धर्मप्रांतांत मोडत होता. वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत १९९८ सालीं झाला.

रॉबर्ट्‌स यांची स्वतःची कृतिहि येथें आठवण्याजोगी आहे. रोम व पोर्तुगाल यांच्यामधील १९२८ च्या करारानुसार मुंबईच्या गादीवर पाळीपाळीनें पोर्तुगीज व ब्रिटिश आर्चबिशप यावयाचे होते. या भूमीच्या पुत्रास त्या पाळींत स्थान नव्हतें. रॉबर्ट्‌स यांनीं १९४६ सालीं फादर वालेरियन ग्रेशस यांस सहायक बिशप करून घेतलें, त्यांच्या हातीं कारभार देऊन ते स्वतः दूर झाले, आणि १९५० सालीं त्यांनीं आपल्या पदाचा राजीनामा दिला. ग्रेशस आर्चबिशप झाले, आणि १९५३ सालीं भारताचे पहिले कार्डिनल झाले. ज्याला स्वतःची खुर्ची दुसऱ्यासाठीं मोकळी करतां येते, त्यालाच एका अनोळखी शेतकऱ्याच्या विवेकाची किंमत कळते, असें म्हटल्यास वावगें होणार नाहीं.

महासभेनें ७ डिसेंबर १९६५ रोजीं दोन महत्त्वाचे दस्तऐवज प्रसिद्ध केले. आधुनिक जगांतील ख्रिस्तसभेविषयींच्या घोषणापत्रांत सदसद्विवेक हें मनुष्याचें अत्यंत गुप्त असें गर्भागार मानलें असून तेथें तो देवाजवळ एकटा असतो, अशी शिकवण दिली आहे; आणि विवेकाच्या कारणानें शस्त्र न घेणारे लोक जर अन्य रीतीनें समाजाची सेवा करण्यास तयार असतील, तर कायद्यानें त्यांची माणुसकीनें सोय लावावी, असेंहि म्हटलें आहे. दुसरा दस्तऐवज धर्मस्वातंत्र्याविषयींचा. तो २३०८ विरुद्ध ७० मतांनीं मंजूर झाला. धर्माच्या बाबतींत कोणासहि त्याच्या विवेकाविरुद्ध वागण्यास भाग पाडूं नये, आणि योग्य मर्यादेंत त्यास विवेकाप्रमाणें वागण्यापासून अडवूं नये, हें त्याचें सार. या दस्तऐवजाच्या घडणींत ज्यांचा मोठा हात होता, ते अमेरिकेचे फादर जॉन कोर्टनी मरी यांस १९५० नंतरच्या दशकांत याच विषयावर लिहिण्यास वरिष्ठांनीं मनाई केली होती. ते गप्प राहिले, परंतु गेले नाहींत. आणि १९६३ सालीं ख्रिस्तसभेनेंच त्यांस महासभेचे तज्ज्ञ म्हणून बोलाविलें.

ज्या शेतकऱ्यावर लेख छापण्यासहि मनाई झाली, त्याच फ्रान्झ येगरश्टेटर यांस २६ ऑक्टोबर २००७ रोजीं लिंझच्या महामंदिरांत ख्रिस्तसभेनें हुतात्मा म्हणून धन्यवादित घोषित केलें. त्या दिवशीं फ्रान्झिस्का स्वतः तेथें हजर होती, वय चौऱ्याण्णव. शंभर वर्षें पुरीं करून ती २०१३ सालीं देवाघरीं गेली.

कोणी म्हणेल, युरोपांतील या गोष्टी आम्हांस कशाला? त्यांस आम्ही आपल्याच किनाऱ्याचा इतिहास आठवावयास सांगतों. गोव्यांत १५६० सालीं ‘इन्क्विझिशन’ नांवाचें धर्मन्यायालय स्थापन झालें. मध्यें थोडा खंड पडून तें १८१२ सालीं कायमचें बंद झालें. त्याचा रोख विशेषेंकरून बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांवरच होता. जुनी एखादी चाल घरांत उरली आहे कीं काय, हें शोधण्यांत त्याचा कारभार चाले. १७३६ सालच्या फर्मानानें तर लग्नांतील देशी गाण्यांवर व चालीरीतींवरहि बंदी घातली. अशा गोष्टींविषयीं, सत्याच्या सेवेच्या नांवाखालीं वापरलेल्या असहिष्णु उपायांविषयीं, पोप दुसरे जॉन पॉल यांनीं १२ मार्च २००० रोजीं, त्या महाजुबिलीच्या वर्षीं, देवाजवळ जाहीर क्षमा मागितली. जुबिली आणि क्षमायाचना यांची ही सांगड आपणहि विसरूं नये.

याच्या उलट चित्र आपल्या वसईचें पाहा. १७३९ सालीं चिमाजीअप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर परदेशी पाद्रीहि गेले. आतां ख्रिस्ती राहण्यांत कोणताहि राजाश्रय नव्हता, भीतीहि नव्हती, लाभहि नव्हता. तरी आपल्या अनेक घराण्यांनीं आपली श्रद्धा सोडली नाहीं. देशी धर्मगुरूंच्या आधारानें त्यांनीं मिस्सा, रोझरी व सण चालू ठेविले. ज्या श्रद्धेस तलवारीचा पाठिंबा उरला नाहीं ती श्रद्धा ज्यांनीं स्वेच्छेनें राखली, त्यांचे आपण वारस आहों. आपला पाया राजाच्या हुकुमाचा नसून पूर्वजांच्या विवेकाचा आहे. मग त्या विवेकाचें भय आपणच कां बाळगावें?

शिवाय २६ जानेवारी १९५० पासून अमलांत आलेल्या भारताच्या राज्यघटनेंत, २५ व्या कलमानें, सदसद्विवेकाचें स्वातंत्र्य आणि आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा व प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिलेला आहे. ती घटना घडविणाऱ्या समितींत येशूसंघाचे फादर जेरोम डिसोझा हे सभासद होते. हा हक्क आपण सरकारजवळ मागतों, कोणी त्यावर घाला घालूं लागला तर व्याकुळ होतों, आणि तें योग्यच आहे. परंतु जो न्याय आपण कचेरींत मागतों, तोच न्याय घरांत, कुटुंबांत व धर्मग्रामांत द्यावयास नको काय?

यासाठीं आम्ही कांहीं गोष्टी नम्रपणें आपल्यापुढें ठेवितों.

पहिली गोष्ट मतभेदाची. १९८३ च्या धर्मविधिसंहितेच्या २१२ व्या कलमानें श्रद्धावंतांस आपलें मत धर्मगुरूंस कळविण्याचा हक्क, व प्रसंगीं कर्तव्यहि, सांगितलें आहे. मात्र श्रद्धेची व नीतीची अखंडता, धर्मगुरूंविषयींचा आदर व सर्वांचें हित सांभाळून. धर्मग्राम-परिषदेंत जो एकटा हात खालीं राहतो, त्याला हट्टी ठरविण्याआधीं त्याचें म्हणणें ऐकावें. तो चुकत असेल; परंतु ऐकून घेतल्यानंतर चूक दाखविणें निराळें, आणि न ऐकतां तोंड बंद करणें निराळें.

दुसरी गोष्ट तरुणांची. त्याच संहितेच्या २१९ व्या कलमाप्रमाणें जीवनमार्ग निवडतांना कोणावरहि जबरदस्ती करतां येत नाहीं. मुलानें धर्मगुरु व्हावें किंवा होऊं नये, मुलीनें मठांत जावें किंवा जाऊं नये, अमुक वाडीच्या, अमुक समाजाच्याच स्थळास होकार द्यावा, हा आग्रह कितीहि प्रेमाचा असला तरी त्यास सीमा आहे. सामवेदी, वाडवळ, कोळी, आदिवासी, अशी आपली मूळचीं कुळें कोणतींहि असोत, बाप्तिस्म्याचें पाणी एकच आहे, आणि देवळांतील बाकांवर कोणाच्या कुळाचें नांव कोरलेलें नाहीं.

तिसरी गोष्ट परधर्मांतून आपल्या घरीं आलेल्या सुनांची व जांवयांची. १९१७ च्या संहितेनें अशा विवाहांत दोन्ही पक्षांकडून हमी घेण्याचा नियम घातला होता. १९७० सालीं पोप सहावे पॉल यांनीं तो बदलला. तेव्हांपासून वचन केवळ कॅथोलिक पक्ष देतो, आणि दुसऱ्या पक्षास त्याची कल्पना दिली जाते. ख्रिस्तसभेनें त्या परक्या व्यक्तीच्या विवेकाचा एवढा मान राखला. मग सासरच्या ओटीवर कोणीं त्या सुनेस, बाप्तिस्मा केव्हां घेणार, म्हणून रोज टोचावें काय? तिला श्रद्धा व्हावी अशी प्रार्थना अवश्य करावी. परंतु श्रद्धा ही मागणी घालून मिळणारी वस्तु नव्हे.

चौथी गोष्ट ज्यांचे संसार मोडले आहेत, किंवा ज्यांचें जीवन कोणत्याहि कारणानें रुळावरून घसरलें आहे, त्यांची. पोप फ्रान्सिस यांनीं २०१६ च्या आपल्या प्रेमविषयक प्रबोधनपत्रांत असें सुचविलें आहे कीं, लोकांचा विवेक घडविणें हें ख्रिस्तसभेचें काम आहे. त्या विवेकाची जागाच आपण घेऊन बसणें हें तिचें काम नव्हे. अशा बंधुभगिनींस सत्य सांगावें, परंतु तें कुमसाराच्या एकांतांत, धर्मगुरूनें, वेळ देऊन सांगावें. देवळाच्या पायरीवर चारचौघांनीं कुजबुजून सांगूं नये. जो मागच्या बाकावर येऊन बसतो, तो अजून घर सोडून गेलेला नाहीं. संत राडेगुंडच्या त्या तरुण फ्रान्झला कोणीं देवळाबाहेर घालविलें असतें, तर ख्रिस्तसभा एका हुतात्म्यास मुकली असती.

आणि शेवटची गोष्ट ज्यांचा विवेक त्यांस निराळी वाट दाखवितो, त्यांच्यासाठीं. त्यांनींहि फ्रान्झ यांचा कित्ता पुरता गिरवावा, अर्धा नव्हे. आधीं वाचावें, विचारावें, गुडघे टेकावे. ज्यांचा सल्ला पटत नाहीं त्यांचाहि सल्ला घ्यावा. आपल्या निर्णयाचा भार शक्य तोंवर स्वतः उचलावा. आणि जे आपल्याबरोबर आले नाहींत त्यांचा न्याय करूं नये. ज्या विवेकाला शेजाऱ्याची निंदा केल्यावांचून चैन पडत नाहीं, त्यानें आपण विवेक आहों कीं अहंकार, हें पुन्हां एकदां तपासून पाहावें.

बंधुभगिनींनो, पुढील पन्नास वर्षांनीं या धर्मग्रामाचा शतकमहोत्सव होईल. त्या वेळीं वक्ते या देवळाची उंची व शाळेची पटसंख्या सांगतीलच. परंतु त्याबरोबर कोणा तरी वृद्धेस उठून असें सांगतां यावें कीं, ‘‘माझा नवरा गांवाच्या मतास मिळाला नाहीं, तरी गांवानें माझ्या दाराकडे पाठ फिरविली नाहीं, आमच्या मुलांस कोणीं वेगळें बसविलें नाहीं.’’ एवढें झालें तर हा महोत्सव कारणीं लागला असें समजावें. ज्या प्रभूनें दारावर उभें राहून ठोठावण्याचें पत्करलें, पण दार फोडून आंत येण्याचें कधींहि पत्करलें नाहीं, तो प्रभु येशू आपणां सर्वांस ऐकणारे कान, उघडीं दारें व जागा विवेक देवो. आणि पवित्र मरियामाता, जिच्या मोकळ्या होकाराची देवानेंहि वाट पाहिली, ती आपल्या धर्मग्रामाचें रक्षण करो, अशी प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतों.